घरच्या मत्स्यटाकीसाठी फिल्टर कोणता? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आमच्याकडे दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी काचेची टाकी आहे. तीन आठवड्यांपूर्वी तीत दोन गोल्डफिश आणि सहा टेट्रा सोडले. टाकीबरोबर मिळालेला लहानसा इंटरनल फिल्टर दिवसरात्र चालू असतो. तरीही दहा दिवसांत पाणी दुधाळ झाले आणि दोन टेट्रा दगावले. एक दुकानदार हँग-ऑन फिल्टर घ्या म्हणतो, तर दुसरा कॅनिस्टरशिवाय पर्याय नाही असे सांगतो. नेमका कोणता घ्यावा? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : पाणी गढूळ दिसले की फिल्टर कमी पडला असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु नव्या टाकीतला दुधाळपणा बहुधा पाण्यात मोकाट वाढलेल्या जीवाणूंचा असतो आणि काही दिवसांत तो आपोआप विरतो. आपले टेट्रा त्यामुळे गेले नसावेत. संशय घ्यायचा तो डोळ्यांना न दिसणाऱ्या अमोनियाचा. माशांच्या कल्ल्यांवाटे, विष्ठेतून आणि न खाल्लेल्या खाद्यातून अमोनिया सतत पाण्यात मिसळत असतो. काही जीवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि काही जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट. यातले पहिले दोन पदार्थ माशांना घातक असतात, तर तिसरा त्या मानाने बराच सौम्य असतो. हे उपयोगी जीवाणू स्पंजच्या छिद्रांत, सिरॅमिक रिंगांवर आणि वाळूच्या कणांवर चिकटून राहतात, आणि त्यांची वस्ती पुरेशी वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तेव्हा फिल्टर पारखताना पहिला प्रश्न विचारावा तो हा, की या डब्यात जीवाणूंना राहायला जागा किती आहे. पाण्याचा झोत किती जोरात पडतो हा प्रश्न त्यानंतरचा.

आता आपल्या टाकीचा हिशेब करू. बाहेरच्या मापाने ती सुमारे ५६ लिटरची भरते. पण तळाची वाळू आणि वरची दीड-दोन इंच मोकळी जागा वजा केली, तर प्रत्यक्षात ४५ लिटरच्या आसपास पाणी राहते. टाकीतले पाणी तासाला चार ते सहा वेळा फिल्टरमधून फिरावे असा सर्वसाधारण ठोकताळा आहे, म्हणजे आपल्याला तासाला १८० ते २७० लिटरचा प्रवाह पुरेल. मात्र खोक्यावर छापलेला आकडा सहसा आत स्पंज वगैरे काही नसताना आणि पाणी वर चढवावे न लागता मोजलेला असतो. स्पंज भरला आणि त्यावर चार दिवसांचा गाळ बसला की तो प्रवाह बराच खाली येतो. म्हणून खोक्यावर ४०० ते ५०० लिटर लिहिलेला फिल्टर आपल्यासाठी योग्य समजावा, विशेषतः गोल्डफिश असल्यामुळे. हा मासा खादाड आहे, त्याला जठर नसते आणि तो घाणही भरपूर करतो.

प्रकारांपुरते माझे मत स्पष्ट आहे. इंटरनल फिल्टर वाईट नाही, पण लहान इंटरनलमध्ये काडेपेटीपेक्षा थोडा मोठा स्पंजाचा तुकडा बसतो आणि तो साफ करण्यासाठी प्रत्येक वेळी टाकीत हात घालावा लागतो. डबा बाहेर काढताना स्पंजात अडकलेला निम्मा गाळ पुन्हा पाण्यात सुटतो, हे आपण पाहिलेच असेल. हँग-ऑन फिल्टर टाकीच्या मागच्या काचेला टांगलेला असतो, त्याच्या कप्प्यात स्पंज आणि रिंगा दोन्ही मावतात, आणि झाकण उचलून दोन मिनिटांत साफसफाई होते. त्याच्याच तोडीचा, पण शोभिवंत दिसत नाही म्हणून मागे पडलेला प्रकार म्हणजे टॉप फिल्टर. टाकीवर आडवी ठेवलेली ही पन्हळ भरपूर माध्यम (स्पंज, रिंगा वगैरे) सामावून घेते आणि पैशांच्या मानाने उत्तम काम देते. फक्त त्यासाठी टाकीचे झाकण कापून घ्यावे लागते. कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवलेला बंद डब्याचा फिल्टर, उत्तम असतो यात वाद नाही, पण त्याचे खरे चीज तीन-चार फुटांच्या, वनस्पतींनी भरलेल्या टाकीत होते. दोन फुटांच्या टाकीला कॅनिस्टर म्हणजे डाळभाताला पंगतीची भांडी काढण्यासारखे आहे.

आपण हँग-ऑन घ्यावा, परंतु जुना इंटरनल लगेच काढून टाकू नये. दोन्ही किमान महिनाभर बरोबर चालवावेत, म्हणजे जुन्या स्पंजावर बसू लागलेली वस्ती नव्या फिल्टरमध्येही पसरेल. तोवर खाद्य निम्मे करावे आणि दर दोन दिवसांनी एक पंचमांश पाणी बदलावे. नळाचे पाणी क्लोरीन काढल्याशिवाय वापरू नये. थेंबांची अमोनिया चाचणी मिळाल्यास जरूर घ्यावी. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत नवा मासा आणू नये. आणखी एक गोष्ट आपण विचारली नसली तरी सांगणे भाग आहे. गोल्डफिश वीतभराच्या आसपास वाढू शकतो आणि तोंडात मावेल तो लहान मासा गिळतो. त्यामुळे टेट्रा आणि गोल्डफिश यांचा संसार एका टाकीत फार काळ टिकणार नाही, मग फिल्टर कोणताही असो.

प्रश्न : आमच्या भागात उन्हाळ्यात दिवसाला चार-चार तास वीज नसते. पाणी बोअरचे आहे. तीन फुटांच्या टाकीला कॅनिस्टर घ्यावा असे मनात आहे. योग्य ठरेल का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : आपल्या परिस्थितीत मी कॅनिस्टर सुचवणार नाही. तो पूर्ण बंद डबा असतो. पाणी फिरायचे थांबले की आतले जीवाणू डब्यातला प्राणवायू थोड्याच वेळात संपवतात, मग ते मरू लागतात आणि पाणी कुजते. वीज आल्याबरोबर हेच कुजके पाणी टाकीत येते. कॅनिस्टर आधीच घेतला असेल, तर लांबलेल्या भारनियमनानंतर तो थेट सुरू करू नये. आधी आतले पाणी ओतून टाकावे, माध्यम टाकीच्याच पाण्यात हलवून घ्यावे आणि मगच बटण दाबावे. हँग-ऑनचीही एक खोड आहे. टाकीतली पाण्याची पातळी उतरलेली असेल, तर वीज परत आल्यावर काही हँग-ऑन पुन्हा पाणी ओढू शकत नाहीत आणि मोटर कोरडी फिरत राहते.

आपल्यासाठी दोन मोठे स्पंज फिल्टर आणि एक एअर पंप ही जोडी सर्वांत भरवशाची आहे. टाकीच्या दोन टोकांना एकेक स्पंज ठेवावा. स्पंज टाकीत उघडाच असल्यामुळे हवा थांबली तरी त्यावरचे जीवाणू बराच वेळ तग धरतात. पाच वॅटचा एअर पंप घरच्या इन्व्हर्टरला जाणवतही नाही; इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा लहान पंप हाताशी ठेवावा. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे ७.६ मिलिग्रॅम. त्यामुळे आपल्याकडच्या मे महिन्यात बुडबुड्यांना फिल्टरइतकेच महत्त्व आहे. वीज नसताना माशांना खाद्य घालू नये.

एअर पंपाच्या नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवायला मात्र विसरू नये. मी एकदा विसरलो होतो. पंप टाकीच्या खाली, स्टुलावर ठेवला होता. रात्री वीज गेली, आणि पहाटे पाय ओले झाले तेव्हा कळले की टाकीतले पाणी नळीवाटे उलटे उतरून पंपात आणि पंपातून जमिनीवर आले होते. मासे वाचले, पंप गेला, शेजारच्या कपाटातल्या खालच्या खणातली पुस्तके फुगली. ही झडप अगदी स्वस्त मिळते. ती लावायची नसेल तर पंप तरी पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगावा.

बोअरच्या पाण्याबद्दल थोडे. ते बहुधा कठीण आणि अल्कधर्मी असते. जीवाणूंना असे पाणी मानवते, पण पीएच ७ वरून ८ वर गेला की अमोनियाचा विषारी अंश जवळपास दसपट होतो. म्हणून आपल्याकडे फिल्टर कमी क्षमतेचा घेणे किंवा टाकीत मासे दाटीने भरणे, या दोन्ही चुका इतरांपेक्षा लवकर महागात पडतील.

प्रश्न : मी दर रविवारी फिल्टर उघडून स्पंज नळाखाली स्वच्छ धुते, अगदी पांढरे पाणी येईपर्यंत. तरीही सोमवार-मंगळवारी एखादा मासा मरतोच. फिल्टर बदलू का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : फिल्टर बदलू नका, धुण्याची पद्धत बदला. नळाच्या पाण्यातले क्लोरीन जंतू मारण्यासाठीच घातलेले असते आणि ते उपयोगी-निरुपयोगी असा भेद करत नाही. आपण दर रविवारी जीवाणूंची पूर्ण वस्ती धुऊन काढता आणि मासे पुढचे दोन दिवस त्याची किंमत मोजतात.

पुढच्या वेळी असे करून पाहा. पाणी बदलताना टाकीतून काढलेले पाणी बादलीत साठवा, त्यात स्पंज बुडवा आणि हलक्या हाताने दोन-तीनदा पिळा. पाणी चहासारखे तपकिरी होईल आणि त्याला ओल्या मातीचा वास येईल. हा निरोगी फिल्टरचा वास आहे. सडक्या अंड्यासारखा वास आला तर मात्र प्रवाह कुठेतरी अडला आहे असे समजावे. स्पंज थोडा मळकट राहिला तरी तसाच परत बसवा. दर आठवड्याला धुण्याची गरज नसते. झोत मंदावला की धुवावा, बहुतेक टाक्यांत हे तीन ते पाच आठवड्यांनी घडते. दोन स्पंज असतील तर एका वेळी एकच धुवावा. काडतूस, म्हणजे फिल्टरमध्ये बसवायची तयार गाळणी, महिन्याला फेका असे वेष्टनावर छापलेले असते, पण त्यात सोय विक्रेत्याची अधिक आहे. स्पंज फाटेपर्यंत वापरावा.

हे जीवाणू किती कामाचे आहेत याचे एक उदाहरण देतो. पूर्वी असे मानले जाई की अमोनियाचे नायट्राइट करणारे नायट्रोसोमोनास वेगळे आणि पुढचे काम करणारे नायट्रोबॅक्टर किंवा नायट्रोस्पायरा वेगळे. २०१५ साली संशोधकांना असे आढळले, की काही नायट्रोस्पायरा ही दोन्ही कामे एकटेच करतात. त्यांतले काही जीवाणू सापडले ते मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्येच. आपण नळाखाली धुऊन टाकत होता ती हीच मंडळी.

प्रश्न : बेट्टा माशाला फिल्टर लागत नाही असे सगळे म्हणतात. खरे आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : अर्धे खरे आहे. थायलंडच्या भातखाचरांतून आलेला हा मासा पृष्ठभागावर येऊन हवेतला प्राणवायू घेऊ शकतो, त्यामुळे बुडबुडे नसले तरी तो गुदमरत नाही. पण अमोनियाने त्याचे कल्ले इतर माशांसारखेच भाजतात. पंधरा लिटरच्या टाकीत सर्वांत लहान स्पंज फिल्टर ठेवावा आणि नळीवर हवा कमी-जास्त करणारी चावी लावून बुडबुडे मंद करावेत. जोरदार प्रवाहात त्याचे लांब पर फाटतात आणि तो कोपऱ्यात दबून बसतो. पॉवर फिल्टर, म्हणजे मोटरने पाणी ओढणारा, घेऊच नये.

प्रश्न : रात्री आवाजाने झोपमोड होते. झोपताना फिल्टर बंद केला तर चालेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : चालणार नाही. रात्री टाकीतल्या वनस्पतीही प्राणवायू वापरतात, म्हणजे फिल्टरची गरज तेव्हाच अधिक असते. विजेचा प्रश्न असेल तर पाच वॅटचा पंप महिनाभर अखंड चालला तरी चार युनिटही होत नाहीत. आवाजाचे म्हणाल, तर हँग-ऑनमधून पाणी पडण्याचा खळखळाट बहुधा पातळी उतरल्यामुळे असतो. एक-दोन तांबे पाणी घातले की तो थांबतो. एअर पंपाची घरघर असेल तर तो लाकडी फळीवरून उचलून जाड फोमच्या तुकड्यावर ठेवा.