झुरळाला डोके कशासाठी लागते?

प्रश्न : रात्री स्वयंपाकघरात झुरळावर चप्पल उगारली की ती पडण्याआधीच ते ओट्याखाली गेलेले असते. झुरळ इतक्या झटपट विचार कसा करते? डोके तुटले तरी ते बरेच दिवस जगते, असेही ऐकले आहे. हे खरे आहे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे झुरळाच्या डोक्यात नव्हे, तर त्याच्या छातीत आणि पोटात सापडतात. मेलेले झुरळ हाती लागले तर त्याची मागची बाजू भिंगाखाली पाहावी. पोटाच्या टोकाला, दोन बाजूंना, दोन आखूड टोकदार शेंड्या दिसतील. घरातल्या मोठ्या तांबूस झुरळाच्या प्रत्येक शेंडीवर, मुख्यतः खालच्या अंगाला, दोनशेच्या आसपास अतिशय बारीक आणि लांब केस असतात. प्रत्येक केस मुळाशी असा बसवलेला असतो की ठरावीक दिशेच्या वाऱ्याने तो चटकन कलतो आणि इतर दिशांच्या वाऱ्याला फारशी दाद देत नाही. खाली येणारी चप्पल आपल्यापुढची हवा ढकलत येते. ती झुळूक चपलेच्या आधी पोचते आणि कोणते केस कलले यावरून संकट कोणत्या अंगाने येत आहे ते ठरते. हा संदेश पोटातल्या शेवटच्या गुच्छिकेत, म्हणजे मज्जापेशींच्या गाठीत, जातो. तेथून निघणारे काही मज्जातंतू इतरांपेक्षा कितीतरी जाड असतात, आणि तंतू जितका जाड तितका त्यातून संदेश वेगाने धावत असल्यामुळे, छातीतल्या गुच्छिकांना खबर लगेच मिळते व त्या पायांना वळायला लावतात. झुळूक लागल्यापासून झुरळ वळू लागेपर्यंत सेकंदाचा जेमतेम विसावा भाग जातो. चप्पल मारणाऱ्या माणसाला नुसते पाहून हात हलवायलाही याच्या चौपट वेळ लागतो, त्यामुळे ही शर्यत सुरुवातीपासूनच एकतर्फी आहे.

या पहिल्या वळणाच्या वाटेवर मेंदू कोठेच लागत नाही. (दिवा लागताच होणारी पळापळ वेगळी, तो डोळ्यांचा आणि मेंदूचा कारभार आहे.) आपला मज्जारज्जू पाठीतून जातो, तर कीटकांचा पोटाच्या बाजूने जातो आणि त्यावर जागोजागी गुच्छिका असतात. झुरळाच्या छातीत 3 आणि पोटात 6 अशा गुच्छिका आहेत. छातीतली प्रत्येक गुच्छिका पायांची एकेक जोडी सांभाळते आणि कोणता पाय कधी उचलायचा, कधी टेकवायचा, ही लय बव्हंशी तिची तिलाच ठाऊक असते.

डोके तुटलेले झुरळ काही आठवडे जगू शकते, हे खरे आहे. त्याचे रक्त आपल्यासारखे दाबाखाली वाहत नाही, त्यामुळे जखम लवकर बुजते. श्वास अंगाच्या बाजूंवरील छिद्रांतून चालतो. आणि शरीर ऊबदार ठेवण्याचा खर्च नसल्यामुळे अन्नाची गरजही थोडी असते. मात्र नवलाची गोष्ट नुसत्या जगण्यापेक्षा मोठी आहे. 1962 मध्ये एड्रियन हॉरिज या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने डोके काढलेल्या झुरळांच्या जोड्या घेऊन एक प्रयोग केला. पहिल्या झुरळाचा पाय खाली येऊन मिठाच्या पाण्याला लागला की त्याला विजेचा हलका धक्का बसे, आणि त्याच क्षणी दुसऱ्या झुरळालाही बसे, मग त्याचा पाय वर असो वा खाली. पहिले झुरळ हळूहळू पाय वर धरून ठेवू लागले. पुढे दोघांनाही आपापल्या पायानुसार धक्के मिळतील अशी व्यवस्था केली, तेव्हा पहिल्याने दुसऱ्यापेक्षा बरेच कमी धक्के खाल्ले. दोघांना आधी मिळालेले धक्के संख्येने सारखेच होते. फरक एवढाच की पहिल्याच्या बाबतीत धक्क्याचा पायाच्या हालचालीशी संबंध होता, आणि हा संबंध मेंदूवाचून छातीतल्या गुच्छिकांनी हेरला. प्रयोग क्रूर वाटतो हे मान्य. पण शिकणे ही केवळ डोक्याची मिरास आहे, या समजुतीला त्याने चांगलाच तडा दिला.

असे असूनही डोके नसलेले झुरळ बहुधा एका जागी उभे राहते. डिवचले तर हलते, आपण होऊन मात्र क्वचितच निघते.

प्रश्न : आमच्या परसात हिरव्या-निळ्या, चकचकीत रंगाची गांधीलमाशी एका जिवंत झुरळाला मिशी धरून भिंतीच्या भोकाकडे नेत होती. झुरळ तिच्याहून मोठे होते आणि स्वतःच्या पायांनी चालत होते. मग ते पळाले का नाही? (एक वाचिका, रत्नागिरी)

उत्तर : मागच्या दोन जोड्यांच्या मांड्या लाल दिसल्या असतील, तर आपण पाहिलेली माशी अँपुलेक्स कॉम्प्रेसा असणार. ती झुरळाला दोनदा डंख मारते. पहिला डंख छातीच्या पुढच्या गुच्छिकेत बसतो आणि झुरळाचे पुढचे पाय थोडा वेळ लुळे पडतात. त्याची धडपड अशी आवरल्यावर ती दुसरा डंख मानेतून सावकाश आणि नेमका डोक्यात मारते. इस्रायलमधील बेन-गुरियन विद्यापीठातल्या फ्रेडरिक लिबर्सॅट यांच्या गटाने माश्यांच्या विषाला किरणोत्सारी खूण लावून ते कोठे उतरते ते पाहिले, तेव्हा ते मेंदूत आणि त्याच्या खालच्या गुच्छिकेत सापडले.

त्यानंतर झुरळ अर्धा तास स्वतःचे अंग साफ करत बसते. तेवढ्यात माशी बीळ शोधून येते, त्याच्या मिशा अर्ध्यावर कापते, तेथून झिरपणारे रक्त पिते आणि उरलेला बुडखा धरून त्याला घेऊन जाते. या झुरळाचे पाय अधू झालेले नसतात. त्याला उताणे केले तर ते पुन्हा सरळ होते, ओढले तर नीट पावले टाकत येते. नाहीशी होते ती फक्त आपण होऊन निघण्याची प्रवृत्ती. कसे चालायचे हे छातीला ठाऊक असते, पण केव्हा निघायचे आणि केव्हा थांबायचे ते डोके ठरवते. माशीचे विष नेमके तेवढेच काढून घेते. ऑक्टोपमीन या मज्जासंस्थेतील रसायनासारखे काम करणारा पदार्थ टोचला, की असे झुरळ पुन्हा पुष्कळसे चालू लागते, हेही याच गटाने दाखवले आहे. परसातल्या झुरळाच्या नशिबी अर्थातच ते नसते; बिळात माशी त्याच्या पायाशी अंडे घालते आणि अळी त्याला आतून खाते.

डोक्याचे दुसरे काम, म्हणजे आवरून धरण्याचे, खंडोबाच्या किड्यात ठळक दिसते. मादीने नराचे डोके खाल्ले तरी त्याचे उरलेले शरीर मीलनाच्या हालचाली करत राहते. कीटकशास्त्रज्ञ केनेथ रोडर यांनी 1935 मध्ये दाखवले की या हालचाली पोटातल्या शेवटच्या गुच्छिकेतून निघतात आणि डोक्यातली गुच्छिका एरवी त्या दाबून ठेवते. लगाम गेला की त्या मोकळ्या होतात.

प्रश्न : कोळ्याची मज्जासंस्था अशीच विखुरलेली असते का? आणि मेलेल्या कोळ्याचे पाय पोटाशी का आवळलेले असतात? (एक विद्यार्थी, जळगाव)

उत्तर : नाही. कोळ्याच्या गुच्छिका शरीराच्या पुढच्या भागात एकत्र सांधलेल्या असतात आणि अन्ननलिका त्यांच्या मधून जाते. अगदी चिमुकल्या जातींच्या पिल्लांत हा गोळा तेथे मावत नाही, तो पायांत उतरतो. पनामात तपासलेल्या कोळ्यांबाबत हे 2011 मध्ये प्रसिद्ध झाले.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मज्जासंस्थेइतकेच नळकामाचे आहे. कोळ्याच्या पायाच्या दोन मुख्य सांध्यांत पाय दुमडणारे स्नायू असतात, पण ताणणारे नसतात. शरीराच्या पुढच्या भागातले स्नायू आकसून रक्ताचा दाब वाढवतात आणि त्या दाबाने पाय सरळ होतो. जीव गेला की दाब उतरतो आणि पाय आत वळतात. भिंतीवर माशीवर झडप घालणारा छोटा उडी मारणारा कोळी मागचे पाय फटकन ताणतो, तेही याच दाबाच्या जोरावर.