पुण्याहून इंडियानातल्या कोलंबसला बदली होतेय. इतक्या लहान गावात कुटुंबासह जावं का?

तुम्ही लिहिलंय की कंपनी तुम्हाला एल-1 व्हिसावर, म्हणजे कंपनीअंतर्गत बदलीच्या व्हिसावर, कोलंबसला पाठवतेय, पत्नी पुण्यात आयटीमध्ये चांगल्या हुद्द्यावर आहेत आणि मुलगी तिसरीत आहे. मित्र म्हणताहेत, अमेरिकेत जायचंच तर शिकागो नाहीतर न्यू जर्सीला जा, त्या खेड्यात काय ठेवलंय! मी कोथरूडमधून नवऱ्याच्या नोकरीपायी थेट याच गावात आले आणि बरीच वर्षं इथेच आहे. ज्याची नोकरी असते त्याला हे गाव आवडतंच. मुलंही पटकन रुळतात. पण इथलं बस्तान टिकतं की मोडतं, हे घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसावर ठरतं. म्हणून हे उत्तर मी तुमच्यापेक्षा तुमच्या पत्नीसाठी लिहितेय. शक्य असेल तर दोघांनी मिळून वाचा.

आधी एक व्यवहाराची गोष्ट. कोलंबस म्हटलं की बहुतेकांना ओहायोची राजधानी आठवते, ते नऊ लाख वस्तीचं शहर. आपलं कोलंबस इंडियानात, 2020च्या जनगणनेप्रमाणे वस्ती 50 हजारांच्या जरा वर. तिकिटं इंडियानापोलिसची काढायची. आईवडील पुढे एकटे येतील तेव्हा त्यांची तिकिटं तर दोनदा तपासा. इंडियानापोलिस आमच्या उत्तरेला साधारण 45 मैलांवर, आय-65 महामार्गाने पाऊण ते एक तास. तिथून भारताचं थेट विमान नाही. मध्ये कुठेतरी विमान बदलावं लागतं, किंवा चारेक तास गाडी चालवून शिकागो गाठावं लागतं.

आता ‘खेडं’ या शब्दाबद्दल. डिझेल इंजिनं बनवणारी कमिन्स कंपनी 1919 साली याच गावात सुरू झाली आणि तिचं मुख्यालय आजही इथेच आहे. पुण्याशी नातं 1962पासूनचं, किर्लोस्कर कमिन्सच्या काळापासूनचं. कर्वेनगरच्या मुलींच्या इंजिनिअरिंग कॉलेजला जे नाव आहे, तेही याच कंपनीचं. त्यामुळे या गावात मराठी कानावर पडणं नवलाचं नाही. दुकानात रांगेत उभं असताना मागून “अगं, दही घेतलंस का?” असं ऐकू आलं की मी अजूनही मागे वळून बघते.

पण मला या गावाचं खरं अप्रूप वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. कंपनीचे त्या काळचे प्रमुख जे. अर्विन मिलर यांच्यापुढे तुमच्या मित्रांचाच प्रश्न होता: मक्याच्या शेतांमधल्या या गावात हुशार माणसं यावीत तरी का? त्यांनी उत्तर शोधलं इमारतींमध्ये. कंपनीच्या फाउंडेशनने शाळा मंडळाला सांगितलं, आम्ही देतो त्या यादीतला वास्तुरचनाकार निवडा, त्याची फी आम्ही भरू. त्यातली पहिली शाळा हॅरी वीज यांनी बांधली, 1957मध्ये. पुढे शाळा, अग्निशमन केंद्रं, अशी रांगच लागली. एलिएल सारिनेन यांचं चर्च त्याआधीचं, 1942चं, आणि त्यांचा मुलगा ईरो याची बँक 1954ची. गावातल्या सात वास्तूंना राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा आहे. सार्वजनिक वाचनालय आय. एम. पेई यांनी 1969मध्ये बांधलंय. त्याच्यासमोर शिल्पकार हेन्री मूरची ब्राँझची मोठी कमान आहे. लहान मुलं तिच्या खालून बिनदिक्कत पळतात, कुणी हटकत नाही. पर्यटक वास्तुकला बघायला येतात आणि आपली मुलं त्याच इमारतीत गोष्टींची पुस्तकं परत करायला जातात. मोठ्या शहरात या दर्जाच्या जागा बघायला मिळतात. इथे त्या वापरायला मिळतात, आणि हा फरक माझ्या लेखी फार मोठा आहे.

वाचनालयाचं कौतुक करायला आणखी एक कारण आहे. मी आले तेव्हा एच-4 या जोडीदाराच्या व्हिसावर होते, म्हणजे नोकरी करायची परवानगी नव्हती. नवरा सकाळी गेला की घरात मी आणि समोर रिकामा रस्ता. चालत जाण्याजोगं ठिकाण एकच, ते वाचनालय. पहिला हिवाळा मी तिथेच काढला म्हणा ना. माणसांशी बोलायची माझी भीड तिथे मोडली.

तुमच्या पत्नीची परिस्थिती माझ्याहून पुष्कळ बरी असेल. एल-1वाल्यांच्या जोडीदाराला नोव्हेंबर 2021पासून वेगळं परवानापत्र काढावं लागत नाही. विमानतळावर उतरल्यावर मिळणाऱ्या आय-94 नोंदीत एल-2एस असं लिहिलेलं असलं की ती नोकरी करू शकते. ही नोंद उतरल्या-उतरल्या तपासा. चूक असेल तर लगेच दुरुस्त करून घ्या. पण परवानगी असणं वेगळं आणि नोकरी मिळणं वेगळं. इथे मोठी नोकरी देणारे मोजकेच. इंजिनांची कंपनी, तिला माल पुरवणारे, टोयोटाचा फोर्कलिफ्टचा कारखाना, इस्पितळ, शाळा. आयटीतल्या माणसाला बहुतेक वेळा घरून काम नाहीतर इंडियानापोलिसची ये-जा, हेच दोन पर्याय उरतात. हिवाळ्यात महामार्गावर रोज दोन तास हे मी कुणालाही सुचवणार नाही. त्यांच्या आताच्या कंपनीत अमेरिकेतून घरबसल्या काम करता येईल का, हे पुण्यात असतानाच लेखी विचारून घ्या. इथे आल्यावर बघू म्हणणाऱ्या किती हुशार बायकांची वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी गेली, हे मी जवळून पाहिलंय. म्हणून इतकं ठासून सांगतेय.

दुसरी गोष्ट, गाडी. गावात बस आहे, पण तिच्या भरवशावर संसार होत नाही. घरात एकच गाडी आणि ती सकाळी ऑफिसला गेली की मागे राहिलेला माणूस अडकला. दोन गाड्यांचा खर्च पहिल्या महिन्यापासून धरून चाला आणि दोघांनीही लायसन्स काढा. पत्नी पुण्यात स्कूटर चालवत असतील तर हात बसलेला असेल, पण इथे लेन, वेग आणि उजवी बाजू सगळंच नवं. पैशांच्या बाबतीत मी काटकसरीची, पण या एका गोष्टीत काटकसर नको.

खर्चाचं एरवी गणित सोपं आहे. घरभाडं मोठ्या शहरांच्या मानाने परवडतं, राज्याचा आयकर सरसकट 3 टक्क्यांच्या आसपास आणि वर काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचा, थोडा. घर विकत घेतलंत तर राहत्या घरावरच्या मालमत्ता कराला ठरवलेल्या किमतीच्या 1 टक्क्याची मर्यादा आहे. ऑफिस दहा-पंधरा मिनिटांवर. नवरा संध्याकाळी उजेड असताना घरी येतो, मुलीला फुटबॉलला नेतो, परत येऊन जेवायला बसतो. पुण्यात हिंजवडीची वाट तुडवणाऱ्याला हे सुख सांगून कळायचं नाही.

घर बघताना मात्र एक प्रश्न विचाराच: ही जागा पुराच्या पट्ट्यात येते का? गावाजवळ दोन नद्या मिळून व्हाइट नदीचा पूर्वेकडचा फाटा तयार होतो, शिवाय हॉ क्रीक नावाचा ओढा गावातून वाहतो. जून 2008मध्ये याच ओढ्याने इस्पितळाच्या तळघरात पाणी घातलं आणि अख्खं इस्पितळ काही महिने बंद राहिलं. जुन्या लोकांच्या बोलण्यात ते अजून येतं. ओढा एरवी इतका निरुपद्रवी दिसतो की नवख्या माणसाला शंकाही येत नाही.

इस्पितळावरून आठवलं. रोजच्या दुखण्याखुपण्याला गावात सोय चांगली आहे. विशेषज्ञ हवा असेल तर इंडियानापोलिस, मुलांच्या मोठ्या आजाराला तिथलं राइली हे मुलांचं इस्पितळ. घरात कुणाला कायमची औषधं किंवा वारंवार तपासण्या असतील तर हा प्रवास मनात धरा.

मुलीची काळजी तुम्ही सगळ्यात जास्त केलीय, आणि मला तिचीच सगळ्यात कमी वाटते. वर्गात ती एकटी भारतीय नसेल. इथे कंपनीमुळे जपान, चीन, मेक्सिको, ब्राझील अशा कुठून कुठून मुलं येतात आणि शिक्षकांना नवीन मूल सामावून घ्यायची सवय आहे. मराठीचं मात्र घरीच बघावं लागेल. शाळेत जायला लागल्यापासून वर्षभरात मूल घरातही इंग्रजीत उत्तर द्यायला लागतं, आणि इथे टोकायला आजी नाही की शेजारच्या काकू नाहीत.

आता जे कुणी आधी सांगत नाही ते. या गावात ऑफिस कधी संपत नाही. ज्यांच्याकडे गणपतीच्या आरतीला जायचं ते नवऱ्याचे वरिष्ठ, मुलीच्या मैत्रिणीची आई त्याच्याच टीममधली, आणि क्रोगर या किराणा दुकानात कोथिंबिरीच्या जुड्या निवडताना भेटणारा गृहस्थ परवाच्या मीटिंगमधला. बढती कुणाला मिळाली, कुणाची हुकली, हे हळदीकुंकवाला आलेल्या सगळ्यांना ठाऊक असतं. काहींना यात आपलेपणा वाटतो. मला सुरुवातीला गुदमरल्यासारखं व्हायचं. मी यावर उपाय केला तो असा: आठवड्यातून एक तरी गोष्ट अशी धरली जिचा कंपनीशी संबंध नाही. उन्हाळ्यात शनिवारचा शेतकरी बाजार, एरवी वाचनालयातला वाचनगट. तिथे भेटलेल्या दोन अमेरिकन आज्या आज माझ्या सगळ्यात जवळच्या.

आणि माणसं निघून जातात. बदलीवर आलेली कुटुंबं दोन-तीन वर्षांनी परत जातात किंवा मोठ्या शहरात उडी मारतात. माझ्या ओट्यावर एक इडलीपात्र आहे. ते मला पुण्याला परतणाऱ्या एका मैत्रिणीने दिलं, तिला दुसरीने दिलं होतं, आणि मूळ कुणी आणलं ते आता कुणालाच सांगता येत नाही. त्याच्या एका ताटलीचा दांडा वेल्डिंग करून बसवलाय, अर्थातच कुणातरी इंजिनिअरने. दर उन्हाळ्यात निरोपाच्या जेवणावळी होतात आणि ऑगस्टमध्ये नवीन कुटुंबं येतात. तुमची पत्नी माणसांत रमणारी असेल तर हे जड जाईल. तयारीने या.

एका कंपनीच्या गावाचा धोकाही ऐकून ठेवा. एल-1वर असताना नोकरी गेली तर हातात जास्तीत जास्त 60 दिवस असतात, आणि दुसऱ्या कंपनीत जायला सहसा वेगळा व्हिसा लागतो. शिकागोतही हाच कायदा आहे, पण तिथे निदान शोधायला दारं जास्त. इथे कारखान्यात मंदी आली की घरांची विक्रीही त्याच वेळी मंदावते. म्हणून माझं मत, पहिली दोन वर्षं भाड्यानेच राहा. इथे आल्यावर सहा महिन्यांत घर घ्यायची लाट अंगावर येते, कारण बाकी सगळे घेत असतात.

वाणसामान, सण, हवा याबद्दल फार लिहीत नाही. महिन्यातून एकदा इंडियानापोलिसला जाऊन डाळी, पीठ, गोडा मसाल्याचं सामान आणायचं, तिथलं देऊळही त्याच फेरीत होतं. थंडी शिकागोपेक्षा सौम्य, पण जानेवारी-फेब्रुवारीतले राखाडी दिवस बर्फापेक्षा जास्त छळतात. टोर्नेडोचा भोंगा वाजला तर तळघरात किंवा बिनखिडकीच्या खोलीत जायचं, हे मुलीला शाळेतच शिकवतील. ऑक्टोबरमध्ये अर्ध्या तासावरच्या ब्राउन काउंटी पार्कमध्ये जंगल लाल-पिवळं होतं, तेव्हा फोनवर आईला दाखवल्याशिवाय राहवत नाही.

राजकारणाचंही कुणीतरी विचारेल. माजी उपाध्यक्ष माइक पेन्स याच गावचे, काउंटी रिपब्लिकन पक्षाला मत देणारी. रोजच्या वागण्यात मला माणसं अगत्याचीच भेटली. पहिल्या बर्फात आमचा रस्ता शेजाऱ्याने न सांगता साफ केला होता.

तुमच्या जागी मी काय केलं असतं? पत्नीची नोकरी दूरवरून चालू राहणार असेल, किंवा त्यांना काही काळ नोकरी सोडून दुसरं काही करायची मनापासून इच्छा असेल, तर मी आले असते, आणि आनंदाने. त्या नाइलाजाने नोकरी सोडणार असतील तर मी कंपनीला वर्षभराची छोटी नेमणूक मागितली असती आणि त्या वर्षात काय ते बघितलं असतं.

येणार असाल तर जूनमध्ये या. शाळा ऑगस्टच्या सुरुवातीलाच उघडतात, आणि जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो. रोज जेवण झाल्यावर शाळेच्या मोकळ्या पार्किंगमध्ये दोघांना गाडीचा सराव करता येईल, म्हणजे बर्फ पडायच्या आत पत्नीच्या हातात लायसन्स असेल.