कमांडरच्या चौघांच्या डावात माझा आक्रमक डेक टिकत नाही. कंट्रोलकडे वळावं का?

तुमचा प्रश्न असा: ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळात दोघांच्या डावात तुमचा लाल बर्न डेक (थेट डॅमेज देणाऱ्या पत्त्यांचा) जिंकायचा. त्याच पद्धतीने बांधलेला क्रेंकोचा कमांडर डेक (क्रेंको या म्होरक्या पत्त्याभोवती रचलेला) चौघांत मात्र अर्ध्यावरच दमतो. मग निळा-पांढरा कंट्रोल, म्हणजे समोरच्यांच्या खेळी अडवणारा डेक, बांधावा का?

माझ्या मते आत्ताच नको. गडबड आक्रमकतेत नाही, हिशेबात आहे. लायटनिंग बोल्ट एका मॅनात (मॅना म्हणजे पत्ता खेळायची किंमत) 3 डॅमेज देतो. समोरच्याचं लाइफ 20 असेल तर असे सात पत्ते पुरतात. कमांडरमध्ये प्रत्येकाचं लाइफ 40, म्हणजे तिघांचं मिळून 120, आणि त्याला प्रत्येकी चौदा असे बेचाळीस बोल्ट लागतील. शंभर पत्त्यांच्या डेकमध्ये बेसिक लँड (मॅना देणारे साधे पत्ते) सोडून प्रत्येक पत्ता एकदाच ठेवता येतो. त्यामुळे तुम्ही एकाला पोळवता आणि बाकीचे दोघे फुकटात पुढे सरकतात.

हीच अडचण कंट्रोललाही येते, आणि हे बरेच जण विसरतात. काउंटरस्पेल टाकून तुम्ही एकाचा एक पत्ता मोडलात, तर तुमचाही एक गेला. दोघांच्या डावात बरोबरी झाली असती, इथे मात्र तुम्ही दोघेही उरलेल्या दोघांच्या मागे पडता. एका फेरीत तिघे मिळून निदान तीन पत्ते ओढतात, तुम्ही एक. दिसेल ते अडवत बसलात तर सहाव्या-सातव्या फेरीला हात रिकामा. म्हणून चांगला कंट्रोल डेक फार थोडं अडवतो: डाव संपवणारी खेळी आणि स्वतःची मांडणी उद्ध्वस्त करणारी खेळी. बाकीचं काम रॅथ ऑफ गॉडसारखे पत्ते करतात, चार मॅनात टेबलावरचे सगळे क्रीचर (लढणारे पत्ते) साफ. असे तीन-चार वाइप पुरे. सात-आठ भरले आणि डाव जिंकून देणारं काही ठेवलंच नाही, की खेळ नुसता लांबतो आणि सगळे तुमच्यावर वैतागतात.

आता क्रेंको, मॉब बॉस. तो टॅप केला (आडवा करून वापरला) की तुमच्याकडे जितके गॉब्लिन असतील तितके नवे येतात. तो स्वतः गॉब्लिनच आहे, त्यामुळे एकटा असला तरी आधी 1, मग 2, 4, 8. चार टॅपमध्ये 15 नवे गॉब्लिन. यांना घेऊन हल्ला करायचा, ही चूक तुम्ही बहुधा करत आहात. कारण एक रॅथ पडला की सगळी मेहनत वाया. त्याऐवजी इम्पॅक्ट ट्रेमर्स ठेवा: तुमचा क्रीचर आला की प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला 1 डॅमेज. पर्फोरॉस, गॉड ऑफ द फोर्ज दुसरा क्रीचर आला की 2 देतो. दोन्ही टेबलावर असतील तर प्रत्येक गॉब्लिनमागे 3, म्हणजे पंधरांचे 45. हल्ला न करता तिघेही संपतात. शिवाय गॉब्लिन नंतर मेले तरी झालेलं डॅमेज परत जात नाही, आणि पर्फोरॉस इनडिस्ट्रक्टिबल (नष्ट न होणारा) असल्यामुळे रॅथलाही पुरून उरतो. हल्ल्यासाठी प्रत्येक क्रीचरमागे दोन मॅना मागणारं समोरच्याचं प्रोपगंडाही इथे निरुपयोगी, कारण हा हल्लाच नव्हे.

पत्ते बघताना एकच शब्दप्रयोग शोधा: ‘प्रत्येक प्रतिस्पर्धी’. काळ्या रंगात ब्लड आर्टिस्ट आणि झुलापोर्ट कटथ्रोट हे दोन्ही दोन मॅनाचे, दिसायला सारखेच. पण पहिला एका खेळाडूचं 1 लाइफ घेतो, दुसरा तिघांचं. पहिला कुणाचाही क्रीचर मेला तरी चालतो, दुसऱ्याला तुमचाच लागतो. एवढ्याशा फरकाने डेकचा स्वभाव बदलतो.

लायटनिंग ग्रीव्हज हे इक्विपमेंट (क्रीचरवर चढवायचा पत्ता) हवंच. त्याने क्रेंकोला हेस्ट मिळतो आणि आल्याआल्या टॅप करता येतो. फक्त त्याच्यासोबत मिळणाऱ्या श्राउडमुळे प्रतिस्पर्ध्यांप्रमाणे तुम्हालाही त्याला टार्गेट करता येत नाही. दुसरं इक्विपमेंट चढवायचं असेल तर आधी ग्रीव्हज दुसऱ्या क्रीचरवर हलवा, इक्विपचा खर्च शून्य आहे. हलवायला दुसरा क्रीचर नसेल तर मात्र अडकलात. ही कटकट नको असेल तर स्विफ्टफूट बूट्स. एक मॅना जातो, पण त्याचं हेक्सप्रूफ फक्त प्रतिस्पर्ध्यांना अडवतं, तुम्हाला नाही.

लँडवर काटकसर करू नका. 37 लँड असतील तर चौथ्या फेरीपर्यंत दिसलेल्या 11 पत्त्यांत सरासरी 4.1 लँड येतात, 32 असतील तर जेमतेम 3.6. क्रेंको चार मॅनाचा आहे, आणि तो मेला की पुन्हा उतरवायला दरवेळी 2 जास्त. मॅना वाढवणारे पत्ते दहा ठेवा: पहिल्या दहा पत्त्यांत त्यातला निदान एक दिसण्याची शक्यता 67 टक्के होते. चौघांच्या डावात पहिला मलिगन (सुरुवातीचा हात बदलून घेणं) फुकट असतो, तेव्हा दोन लँडचा हात ‘चालेल’ म्हणून ठेवू नका.

आणि सुरुवातीला शांत बसा. दुसऱ्या फेरीत इम्पॅक्ट ट्रेमर्स उघडं टाकलंत तर तिघांच्याही नजरा तुमच्यावर, क्रेंको उतरला की लगेच मरणार. आधी मॅना, मग ग्रीव्हज, त्यानंतर क्रेंको. एकदा टॅप झाला की ट्रेमर्स आणा, पुढचे टॅप मोठे असतात.