मेस्त्री, गाडी मध्येच मरता!

(वाचकांचे प्रश्न, देवगडच्या एका गॅरेजवाल्याची उत्तरं)

प्रश्न: मी राजापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझी २०१६ची, ११० सीसीची कार्बोरेटरवाली स्कूटर आहे. सकाळी पहिल्या बटणाला चालू होते. सात-आठ किलोमीटर गेलं की नेमकी सड्यावर, जिथे ना झाड ना घर, दोन-तीन आचके देते आणि बंद पडते. दहा-पंधरा मिनिटं उभी केली की पुन्हा चालू. प्लग बदलला, इग्निशन कॉइल बदलली, कार्बोरेटर दोनदा साफ केला. २,६०० रुपये गेले. टाकी फुल केली की त्रास वाढतो, म्हणून पेट्रोलातच भेसळ असेल असं वाटून पेट्रोलपंपही बदलला. आता काय करू?
ता. क. डिक्कीत ठेवलेल्या डब्याला पेट्रोलचा वास लागत होता. जूनपासून टाकीच्या झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी दाबून बसवते. तरी थोडा वास येतोच. त्यावर काही उपाय?

उत्तर: बाई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा ता. क. वरवर वाचून सोडून दिला. डब्याचा वास हा काही मेस्त्रीचा विषय नव्हे, असं वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना हातातला पाना खाली ठेवला.

माझ्याकडे गिऱ्हाईक येतं ते एवढंच सांगतं, "मेस्त्री, गाडी मध्येच मरता." मी विचारतो, "मरता ती कशी?" यावर लोक माझ्या तोंडाकडे बघतात. पण अर्धं निदान तिथेच असतं. घरातला दिवा बटण दाबल्यावर जातो तशी गाडी एका क्षणात गप्प झाली, तर मी आधी विजेकडे बघतो: प्लग, त्याची टोपी, कॉइल, वायरी. समईतलं तेल संपत आलं की ज्योत फडफडते, मग विझते. तशी आचके देत गेली, तर पेट्रोल. अगदी शंभर टक्के असंच असतं असं नाही, सैल झालेली प्लगची टोपीसुद्धा आचके देते. पण सुरुवात कुठून करायची ते कळतं. तुम्ही स्वतःच 'दोन-तीन आचके' असं लिहिलंय. मग कॉइल कशाला बदलली?

आता दुसरी खूण. टाकी भरली की त्रास वाढतो. भेसळीचं पेट्रोल टाकी अर्धी झाली म्हणून शुद्ध होत नाही.

नारळाचा एकच डोळा फोडून तो उलटा धरून बघा. दोन थेंब येतील आणि पाणी अडेल. आत हवा शिरल्याशिवाय पाणी बाहेर येत नाही. म्हणून तर तेलाच्या पत्र्याच्या डब्याला आपण समोरासमोर दोन भोकं पाडतो. सीटखाली टाकी असलेल्या तुमच्यासारख्या गाडीत पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली कार्बोरेटरात उतरतं. जेवढं उतरेल तेवढी हवा वरून आत यावी लागते, आणि ती येते टाकीच्या झाकणातल्या बारीक भोकातून. त्या भोकावर तुम्ही पिशवी दाबलीत. कडेने थोडी हवा झिरपते, म्हणून गाडी सात-आठ किलोमीटर तरी जाते. टाकी फुल असली की पेट्रोलच्या वर हवेला जागा अगदी कमी, त्यामुळे थोडं पेट्रोल उतरलं तरी आत लगेच ओढ तयार होते. अर्ध्या टाकीत हवा भरपूर, म्हणून गाडी जास्त वेळ टिकते. उभी राहिली की कडेने हवा शिरते आणि मग ती पुन्हा शहाणी!

माझ्यावर विश्वास ठेवू नका, तपासा. पुढच्या वेळी बंद पडली की थांबू नका. लगेच सीट उघडा आणि झाकण सावकाश फिरवा. 'सुस्स' आवाज आला, झाकण परत लावून गाडी लगेच उठली, तर निकाल लागला. झाकण उघडूनही उठली नाही आणि गार झाल्यावरच उठली, तर तापल्यावर दगा देणारा भाग शोधावा लागेल. नव्या कॉइलनंतर माझा पहिला संशय पल्सर कॉइलवर, म्हणजे ठिणगीची वेळ सांगणाऱ्या कॉइलवर, जाईल. प्लग काढायची सवय असेल तर तोही बघा: कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही, पेट्रोलने भिजलेला असेल तर पेट्रोल पोचतंय पण पेटत नाही. मात्र ठिणगी बघायचा खेळ उघड्या टाकीशेजारी कधीही करू नका.

तुमच्या मेस्त्रीला हे का सापडलं नाही, ते मी सांगू शकतो, कारण या खड्ड्यात मीही पडलोय. गाडी आली की आपण पहिल्यांदा टाकीत पेट्रोल आहे का ते बघायला झाकण उघडतो. दोष तिथेच मोकळा होतो. मग गल्लीच्या टोकापर्यंत फेरी, गाडी झकास. एका मासळीवाल्या मावशीच्या गाडीचा कार्बोरेटर मी तीनदा उघडला होता. तिसऱ्यांदा तिने मला पैसे दिले नाहीत, आणि बरोबर केलं.

उपाय स्वस्त आहे. पिशवी काढून टाका. वास येतो तो झाकणाचं रबर कडक झाल्यामुळे, ते नवं घाला. झाकणातलं भोक साफ करताना सुई घालू नका, फुंकून किंवा पंपाच्या हवेने मोकळं करा. पेट्रोल गळ्यापर्यंत भरून घेऊ नका. आणि डबा पुढच्या हुकाला लावा, डिक्कीत चपात्या नाहीतरी इंजिनाच्या उष्णतेने घामेजतात. आधीच्या पंपावर काय बोललात ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण एकदा तिथे पेट्रोल भरून या.

प्रश्न: आम्ही डोंबिवलीला असतो. गाडी गावी मिठबावला पडवीत असते. शिमग्यानंतर थेट गणपतीत काढली. रेस दिली तर चालते, सोडली की मरते.

उत्तर: दरवर्षी चतुर्थीच्या आधी माझ्या दारात अशा चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग लागते. पाच-सहा महिन्यांत कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि खाली चिकट थर राहतो. तो आधी धरतो स्लो जेटला, म्हणजे रेस सोडल्यावर पेट्रोल देणाऱ्या भागाला, कारण त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक. रेस दिल्यावर मोठ्या जेटमधून पेट्रोल येतं म्हणून गाडी चालते. जेट काढून क्लीनर आणि हवा मारायला सांगा. तार घालून भोक मोठं केलं तर गाडी पुढे जन्मभर पेट्रोल पिईल.

त्याआधी वाटीखालचा ड्रेन स्क्रू सोडून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकीत पाणी गेलंय. हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की दोघं मिळून तळाला बसतात. मग टाकीच रिकामी करावी लागेल. एअर फिल्टरही उघडा. उंदीर त्यात नारळाची सोडणं आणि चिंध्या घेऊन संसार थाटतात. गेल्या वर्षी एका फिल्टरात मला सहा पिल्लं मिळाली. मालक म्हणाला, "गणपतीचे दिवस, मारू नका." तेवढा वेळ गाडी उभीच राहिली.

परत निघताना ड्रेन स्क्रूने वाटी रिकामी करून जा. दोन मिनिटांचं काम.

प्रश्न: माझी स्कूटर २०२१ची आहे. बटण दाबलं की नुसतं 'टिकटिक' होतं. कार्बोरेटर साफ करू का?

उत्तर: नका करू, तुमच्या गाडीत तो नाहीच. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचा कडक नियम, आला, आणि तुमच्या गाडीत पेट्रोल इंजेक्टरने जातं. टिकटिक म्हणजे बॅटरीची ताकद संपलीय किंवा टर्मिनल खाऱ्या हवेने खाल्लंय. आधी टर्मिनलवरची हिरवी-पांढरी भुकटी घासून काढा, स्क्रू आवळा, वर थोडं ग्रीस लावा. मग चावी फिरवून कान द्या: टाकीतल्या पंपाचा दोन सेकंद 'झुंऽऽ' आवाज यायला हवा. तो नसेल तर किक मारून घाम गाळण्याआधी बॅटरी चार्ज करून आणा.