शिडाच्या बोटीवरून ऑफिस: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न: आम्ही नवरा-बायको दोघेही सॉफ्टवेअरमध्ये आहोत. जून ते सप्टेंबर कुठूनही काम करायला कंपनीची परवानगी आहे, म्हणून ग्रीसमध्ये 36 फुटी जुनी सेलबोट घेत आहोत. रोज चार-पाच तास व्हिडिओ मीटिंग असतात. स्टारलिंक मिनी (सॅटेलाइटवरून इंटरनेट देणारी छोटी डिश) घेतली की काम भागेल ना?
*– एक वाचक, ॲम्स्टरडॅम*

उत्तर: इंटरनेट मिळेल, अडेल ते विजेवर. तेव्हा हिशोब बॅटरीपासून सुरू करा. मिनी डिश सरासरी 30 वॅट धरा, नऊ तासांचे 270 वॅट-तास. दोन लॅपटॉप प्रत्येकी 30 वॅटने आठ तास, म्हणजे 480. चोवीस तास चालणारा 6 वॅटचा राउटर, 144. बेरीज जवळपास 900 वॅट-तास, म्हणजे 12 व्होल्टवर सुमारे 75 अँपिअर-तास. त्यात फ्रिजचे 45-50 मिळवले की आकडा 125 च्या घरात जातो. जुन्या बोटीत बहुधा लेड-ॲसिड बॅटरी असते आणि तिची निम्मीच क्षमता वापरायची असते, नाहीतर ती लवकर मरते. म्हणजे निदान 250 अँपिअर-तासांची बॅटरी बँक हवी, लिथियम असेल तर दीडशेत भागेल. रोजचा हा खर्च भरून काढायला तिथल्या उन्हाळ्यात 400 वॅटची सोलर पॅनेल पुरतात, पण बूमची (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याची) सावली त्यांच्यावर पडता कामा नये. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली आली तरी उत्पादन धाडकन खाली येतं.

इन्व्हर्टर लावून 230 व्होल्टवर काहीही चालवू नका. तो स्वतःच दहा-पंधरा टक्के वीज खातो. लॅपटॉप 12 व्होल्टवर चालणाऱ्या 65 वॅटच्या यूएसबी-सी चार्जरवर ठेवा.

मिनीला 12 ते 48 व्होल्ट डीसी चालतं, म्हणून बरेच जण ती थेट बॅटरीला जोडतात आणि मग डिश मधूनच रीस्टार्ट का होते ते कळत नाही. कारण वायरमध्ये आहे. सुरू होताना डिश 60 वॅटपर्यंत ओढते, म्हणजे 5 अँपिअर. बॅटरीपासून डिश 6 मीटरवर असेल तर जाऊन-येऊन 12 मीटर तांबं होतं. 1.5 चौरस मिलिमीटरच्या वायरीत तेवढ्यात 0.7 व्होल्ट गळतात. पहाटे बॅटरी 12.2 वर असली तर डिशपाशी 11.5 च पोचतात. नुसती वायर जाड करून हे पुरतं सुटत नाही. बॅटरीशेजारी 12 चे 24 व्होल्ट करणारा 100 वॅटचा कन्व्हर्टर बसवा आणि त्याच्या आधी, बॅटरीच्या टोकाजवळच, 10 अँपिअरचा फ्यूज घाला. 24 व्होल्टवर प्रवाह निम्मा होतो आणि तीच वायर पुरते.

डिश मागच्या रेलिंगवर किंवा कमानीवर बसवा. तिला आकाशाचा रुंद तुकडा मोकळा लागतो. नांगरावर बोट वाऱ्याबरोबर झुलते, त्यामुळे डोलकाठी अधूनमधून आड येते आणि चित्र दोन-चार सेकंद गोठतं. डिश मध्यरेषेपासून जितकी बाजूला न्याल तितकं हे कमी होईल.

एकट्या डिशच्या भरवशावर राहू नका. मीटिंगच्या नोकरीला दुसरी वाट हवीच, आणि ग्रीसमध्ये ती स्वस्तात मिळते. पासपोर्ट दाखवून स्थानिक प्रीपेड सिम घ्या आणि राउटरमध्ये घाला. तुमचं डच सिम युरोपियन युनियनच्या रोमिंगवर चालेल खरं, पण चार महिन्यांत तुमचा मुक्काम आणि वापर घरापेक्षा परदेशात जास्त दिसला तर मोबाइल कंपनी विचारणा करून जादा आकार लावू शकते, आणि तुमचा बेत नेमका चार महिन्यांचा आहे. व्हिडिओ मीटिंगला माणशी तासाला 1 ते 1.5 जीबी धरून पॅक निवडा.

आणखी एक धोका खास त्या भागातला. कोस, सिमी, कास्तेलोरिझो ही बेटं तुर्कस्तानच्या किनाऱ्याला इतकी लागून आहेत की फोन किंवा राउटर आपोआप तुर्की टॉवर पकडतो. कोर्फूजवळ अल्बेनियाचं तसंच. दोन्ही देश युनियनच्या रोमिंगबाहेर आहेत, बिल भलतंच येतं. राउटरमध्ये नेटवर्कची निवड ऑटोवरून काढून ग्रीक कंपनीवर पक्की करा आणि रोमिंग बंद ठेवा.

राउटर डिशवरून सिमवर जातो तेव्हा आयपी पत्ता बदलतो, मीटिंग काही सेकंद तुटते आणि व्हीपीएन पुन्हा जोडावा लागतो. दोन्ही वाटा एकाच वेळी वापरणारी बाँडिंग सेवा घेतली तर ही तूट जवळपास जाणवत नाही. ग्राहकांसमोर बोलायचं काम असेल तर तिचं भाडं वसूल होतं.

जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रात उत्तरेचा मेल्टेमी वारा कधी कधी सलग चार-पाच दिवस थांबत नाही. मुक्काम हलवायचा तो शनिवार-रविवारीच. आठवड्याच्या मध्ये कामाच्या तासांत शीड उभारायचा मोह टाळा.

प्रश्न: आमची 30 फुटी बोट मांडव्याहून मालवणपर्यंत जाते. खाडीत कड्याखाली नांगर टाकला की रेंज जाते, बाहेर समुद्रात मात्र बरी असते. असं का? डोलकाठीच्या टोकावर 12 डीबीआयचा (म्हणजे सिग्नल जास्त एकवटणारा) अँटेना लावावा का? किनाऱ्यापासून किती लांबपर्यंत रेंज मिळेल?
*– एक वाचक, बेलापूर*

उत्तर: कोकणात पुष्कळ टॉवर वर सड्यावर (डोंगरमाथ्याच्या सपाटीवर) असतात. बाहेरून ते तुम्हाला सरळ 'दिसतात'. कड्याच्या पायथ्याशी गेलात की जांभ्याचा डोंगर मध्ये येतो. अशा वेळी अँटेना बदलण्याआधी जागा बदला. समोरच्या काठाकडे तीन-चारशे मीटर सरकलात तरी फरक पडतो, अर्थात पाणी आणि तळ पाहून.

12 डीबीआय घेऊ नका. असा अँटेना सिग्नल सात-आठ अंशांच्या चपट्या पट्ट्यात दाबतो. बोट वाऱ्याने 15-20 अंश कलली की तो पट्टा एका बाजूने पाण्यात आणि दुसऱ्या बाजूने आभाळात. शिडाच्या बोटीला 3 ते 6 डीबीआयच योग्य.

अंतराचं गणित सोपं आहे. टॉवर आणि अँटेना यांच्या मीटरमधल्या उंचीची वर्गमुळं काढा, बेरजेला 4.12 ने गुणा, किलोमीटर मिळतात. 40 मीटरचा टॉवर आणि 3 मीटरवर अँटेना, 33 किलोमीटर. तोच अँटेना 12 मीटरवर नेला तर 40. ही कमाल मर्यादा झाली. मीटिंगला पुरेल असा वेग बहुतेक वेळा त्याच्या निम्म्याच्या आतच मिळतो.

वर नेण्यातला फायदा केबल खाऊन टाकते. 15 मीटर बारीक आरजी-58 केबलमध्ये 1800 मेगाहर्ट्झला सुमारे 10 डीबी जातात, म्हणजे दहावा हिस्सा उरतो. जाड एलएमआर-400 मध्ये तेवढ्याच लांबीला 3 डीबीच्या आसपास, निम्मा उरतो. म्हणून किनाऱ्यालगत राहणाऱ्या बोटीला आम्ही एकच सांगतो: मागच्या कमानीवर दोन अँटेना, हातभर अंतर ठेवून, आणि राउटर त्यांच्या खालच्या कपाटात, केबल दोन-तीन मीटरची. राउटरच्या दोन्ही 'मोबाइल' पोर्टला अँटेना हवेत. एकच जोडलात तर वेग पडतो.

बाहेरच्या प्रत्येक जोडावर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप) ताणून गुंडाळा आणि जोडाआधी केबलला खाली एक वळसा द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल. खारं पाणी केबलच्या आतल्या तारेच्या जाळीत शिरलं की तांबं हिरवं पडतं आणि पावसाळ्यानंतर सिग्नल का गेला ते वरून दिसत नाही.

राउटर 9 ते 50 व्होल्ट चालणारा घ्या, टेल्टोनिकाच्या आरयूटीएक्स मालिकेत आहेत. घरगुती 12 व्होल्टचा राउटर इंजिन स्टार्ट करताना व्होल्टेज पडलं की बंद पडतो आणि चार्जिंगच्या 14.4 व्होल्टवर तापतो. फोनवरच्या काड्यांवर जाऊ नका. राउटरच्या सेटिंगच्या पानावर आरएसआरपी (टॉवरच्या सिग्नलची ताकद) पाहा: उणे 100 च्या वर असेल तर काम होतं, उणे 110 च्या खाली मीटिंगचा विचार सोडा. शेजारी एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ आहे ते) दहाच्या वर हवा. आरएसआरपी चांगला आणि एसआयएनआर शून्याजवळ असेल तर दुसऱ्या कंपनीचं सिम घाला.

प्रश्न: परदेशी मित्र स्वतःच्या बोटीने ओमानहून गोव्याला येत आहे. बोटीवर इरिडियमचा सॅटेलाइट फोन, गार्मिन इनरीच (सॅटेलाइटवरून संदेश आणि ठिकाण पाठवणारा ट्रॅकर) आणि स्टारलिंक आहे. काही अडचण?
*– एक वाचक, पणजी*

उत्तर: मोठी अडचण आहे, त्याला निघण्याआधीच कळवा. भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे. वापरला नाही हा बचाव होत नाही. थुराया आणि इरिडियम या दोन्ही सॅटेलाइट सेवांच्या फोनना मनाई आहे, आणि इनरीच इरिडियमवरच चालतो, त्यामुळे तो 'नुसता ट्रॅकर' म्हणून सुटत नाही. 2008 च्या मुंबई हल्ल्यातल्या अतिरेक्यांनी थुराया फोन वापरला होता, त्यामुळे आपल्या किनाऱ्यावर याबाबत कोणी सवलत देत नाही. स्टारलिंकला दूरसंचार विभागाने जून 2025 मध्ये परवाना दिला, पण तेवढ्याने बाहेरून आणलेली डिश इथे कायदेशीर ठरत नाही. ती 12 सागरी मैलांच्या बाहेरच बंद करून, उतरवून पेटीत ठेवायला सांगा. सगळ्या उपकरणांची यादी अनुक्रमांकांसह बंदरातल्या एजंटमार्फत आधी पाठवा आणि कस्टम्सचं म्हणणं लेखी घ्या. उत्तर आलं नाही तर फोन आणि इनरीच ओमानमध्येच ठेवून निघणं बरं. गोव्यात उतरल्यावर कामाला साधं 4जी सिम पुरेल.