फाईल दुसऱ्याला उघडता आली पाहिजे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

शिवाजीनगर कोर्टाजवळ स्वतःचं ऑफिस घेतेयस हे कळलं, फार आनंद झाला. पुन्हा कोरोनासारखी साथ आली तर एकट्या वकिलाने निभवायचं कसं, असं तू फोनवर विचारलंस. तेव्हा घाईत होतो, म्हणून आता सविस्तर लिहितो.

साथीत वकिलांना सगळ्यात महाग काय पडलं असेल, तर अशिलाचं सगळं काम एकाच माणसाच्या डोक्यात आणि एकाच मोबाईलमध्ये असणं. एप्रिल २०२१ मध्ये, दुसरी लाट भरात असताना, माझ्या ओळखीचे एक वकील ऑक्सिजनवर होते. बोलता येत नव्हतं. त्यांच्या पत्नीने किल्ली दिली आणि मी त्यांचं कपाट उघडलं. फायली छान बांधलेल्या, वर्षाप्रमाणे लावलेल्या. पण प्रत्येकीवर केस नंबर आणि पुढची तारीख, एवढंच. त्या तारखेला करायचं काय, ते कुठेच नाही. कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दाखल झाली का? नकलेचा अर्ज दिला का? एका फाईलमध्ये मूळ खरेदीखत होतं, ते अशिलाने कधी दिलं याची नोंद नव्हती. मनाई हुकूम कधीपर्यंत चालू आहे हे कळायला सगळा रोजनामा, म्हणजे कोर्टातल्या प्रत्येक तारखेची नोंद, वाचावा लागला. ते बरे होऊन परतले, हे सगळ्यांचं भाग्य. मधल्या दिवसांत त्यांच्या अशिलांनी जी घालमेल सोसली ती मी पाहिली आहे.

म्हणून तुझ्या प्रत्येक फाईलच्या आत पहिला कागद तुझ्या हातचा असू दे. अशील कोण, काम कुठपर्यंत आलं, पुढचं पाऊल काय, मुदत कधी संपते आणि ती कुठल्या तारखेपासून मोजली, मूळ कागद कोणते घेतले, त्यांची पोच दिली का. कोर्टातून आलीस की त्याच संध्याकाळी तो कागद पुरा करायचा. दुसऱ्या दिवशी बोर्डावर नवी कामं येतात आणि कालचं विसरायला होतं.

मुदतीबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे भल्याभल्यांची गफलत झाली. सुप्रीम कोर्टाने २३ मार्च २०२० रोजी स्वतःहून दखल घेऊन दावे, अपिलं, अर्ज दाखल करायच्या १५ मार्चपासूनच्या मुदती वाढवल्या. मार्च २०२१ मध्ये ती सवलत थांबली, एप्रिलअखेर पुन्हा सुरू झाली. शेवटी १० जानेवारी २०२२ च्या आदेशाने २८ फेब्रुवारी २०२२ पर्यंतचा काळ मोजणीतून वगळला. ज्यांची मुदत याच काळात संपली असती, त्यांना १ मार्चपासून ९० दिवस मिळाले आणि शिल्लक मुदत त्याहून जास्त असेल तर ती मिळाली. सवलत खरीच होती, पण ती सगळीकडे लागू आहे असं धरून चालणारे अडकले. पहिल्या आदेशाने मूळ मुदत वाढली. विलंब माफ करण्याची कायद्याने घातलेली कमाल मर्यादा वाढली नाही, असं त्याच कोर्टाने सप्टेंबर २०२० मध्ये सांगितलं.

फौजदारीत तर आणखी जपावं लागतं. दोषारोपपत्र दाखल करायची ६० किंवा ९० दिवसांची मुदत या आदेशाने पोलिसांना वाढवून मिळत नाही, हे जून २०२० मध्ये स्पष्ट झालं. म्हणजे डिफॉल्ट जामिनाचा, मुदतीत दोषारोपपत्र आलं नाही म्हणून मिळणाऱ्या जामिनाचा, हक्क लॉकडाऊनमध्येही शाबूत होता. पण मुदत संपल्यावर अर्ज द्यावा लागतो, आणि अर्जाआधी दोषारोपपत्र आलं तर हक्क जातो. कोर्ट बंद आहे म्हणून डायरी मिटून बसलेल्या वकिलाचा अशील त्यामुळे आतच राहिला असता. आरोपी कोठडीत असलेली कामं डायरीत वेगळ्या शाईने लिहीत जा, आणि मुदत मूळ कायद्याप्रमाणेच मोज. सवलत मिळाली तर मिळाली.

फोनवरच्या सल्ल्याला जप. त्या दिवसांत हॉटेलवाल्यांचे, दुकानदारांचे फोन सारखे यायचे: धंदा बंद आहे, भाडं द्यायचं का? करार अशक्य झाला की संपतो हे करार कायद्याचं कलम ५६ आपल्याला पाठ असतं. पण चालू भाडेपट्ट्याला ते लागत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९६८ मध्येच सांगून ठेवलंय. समोरचा माणूस रडकुंडीला आलेला असतो, त्याला बरं वाटावं म्हणून 'नका देऊ' म्हणायचा मोह होतो. तसं म्हणू नकोस. करारातली कलमं मागव, वाच, आणि जे सांगितलंस ते चार ओळींत लिहून त्याच दिवशी पाठव. त्याचंही भलं, तुझंही.

घरून व्हिडिओवर बोलताना दार लावून घे. पेठेतल्या दोन खोल्यांच्या घरात घटस्फोटाची बाई आपली हकीकत सांगते आणि ती शेजारच्या गॅलरीत ऐकू जाते, असं होता कामा नये. गुपित राखणं आपल्यावर कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्या बाईचं आयुष्य आहे ते.

पैशाचं थोडक्यात. वकिलीची सनद, म्हणजे परवाना, असताना दुसरा धंदा करता येत नाही, त्यामुळे कोर्टं बंद पडली तेव्हा तरुण वकिलांचे फार हाल झाले. सहा महिन्यांचं भाडं आणि कारकुनाचा पगार बाजूला पडेपर्यंत मोठं ऑफिस घेऊ नकोस. अशिलाने दिलेले पैसे फी म्हणून आले की खर्चासाठी, ही नोंद बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे ठेवावीच लागते. कितीही ओढाताण झाली तरी कोर्ट फीसाठी आलेल्या पैशातून वीजबिल भरायचं नाही. आणि कारकुनाचा पगार थांबवू नकोस. कोर्टाच्या कचेरीत नाझराकडे काय अडलंय हे त्यालाच ठाऊक असतं.

आता एक काम या आठवड्यातच कर. तुझ्या विश्वासातला एक वकील निवड, अशिलांची संमती घे आणि नव्या वकीलपत्रांवर त्याचंही नाव घाल. तूही त्याच्या वकीलपत्रांवर ये. मग त्याला एकदा ऑफिसात बोलाव, कपाटाची दुसरी किल्ली दे आणि कुठलीही एक फाईल काढून त्याच्या हातात ठेव. तुला काही न विचारता पुढची तारीख आणि पुढचं काम त्याने सांगितलं तर ठीक. नाही सांगता आलं, तर तो पहिला कागद पुन्हा लिही.

कळावे,
तुझे सर