मूठ उघडून बघावी

पिस्तुलाच्या लाकडी मुठीबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. उत्तरांआधी एक अट. मुठीला हात लावण्यापूर्वी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढा, चेंबर (नळीतली गोळीची जागा) डोळ्यांनी पाहा आणि बोटानंही चाचपा. एअर पिस्तूल असेल तर हवेचा सिलिंडर उतरवून ठेवा. कानस चालवायची ती मूठ पिस्तुलावरून काढूनच, कारण भुसा चापाच्या यंत्रणेत शिरला की चाप कधी हलका तर कधी जड लागतो आणि दोष उगाच मुठीच्या माथी येतो.

प्रश्न : १० मीटर एअर पिस्तूल उजव्या हातानं मारतो. मूठ तयार घेतलेली, मध्यम मापाची आहे. हात उचलला की पुढची साइट (नेम धरायचा खुंट) दर वेळी मागच्या खाचेत डावीकडे बसते. मनगट वळवून ती मध्ये आणावी लागते. लाकूड नेमकं कुठून काढू?

आधी काढू नका, भरा. काढलेलं लाकूड परत येत नाही, भरलेली पुट्टी मात्र तासता येते.

त्याही आधी खात्री करून घ्या. डोळे मिटून हात उचला, नेहमीसारखा श्वास सोडा, मग डोळे उघडा आणि साइट कुठे आहे ते लिहून ठेवा. असं निदान पंधरा वेळा करा. पंधरापैकी बारा-तेरा वेळा साइट डावीकडेच असेल तरच दोष मुठीचा. कधी इकडे, कधी तिकडे असेल तर पकड दर वेळी बदलते आहे, आणि ते कानशीनं सुटणारं दुखणं नाही. बऱ्याच आधुनिक पिस्तुलांत मूठ फ्रेमवर (पिस्तुलाच्या धातूच्या सांगाड्यावर) थोडी फिरवता येते. तो स्क्रू आधी वापरून बघा. पुष्कळांचं काम तिथंच संपतं.

तरीही फरक उरला तर विचार असा करा : हात जागचा हलत नाही, मूठ हातात फिरते. नळीचं तोंड उजवीकडे न्यायचं तर मुठीचा मागचा भाग डावीकडे सरकायला हवा. म्हणून मुठीच्या उजव्या अंगाला, मागच्या बाजूस, जिथं तळव्याची गादी टेकते तिथं एक-दीड मिलिमीटर पुट्टी द्या. एवढ्यानं भागलं नाही तर त्याच अंगाला पुढे, बोटांच्या मुळाशी, थोडं लाकूड उतरवा. साइट उभ्या दिशेत खाली बसत असेल तर पुट्टी मागे, पण खालच्या बाजूला द्यायची. मुठीचं खालचं टोक पुढे ढकललं गेलं की नळीचं तोंड वर येतं.

दोन भाग मिसळून वापरायची इपॉक्सी पुट्टी चालते. ती ओली असताना हातावर पातळ प्लास्टिक घेऊन नेमबाजीच्या पवित्र्यात उभं राहा आणि मूठ धरा. बसून धरू नका. खुर्चीत बसल्यावर मनगटाचा कोन वेगळा असतो, आणि पुट्टी तोच कोन पकडून बसते. वाळल्यावर तळव्याला काजळ किंवा लिपस्टिक लावून पकड घ्या आणि मूठ सरळ सोडा. जिथं डाग गडद, तिथं उंचवटा. अर्धगोल कानशीचे दोन-तीन हात मारायचे, पुसायचं, पुन्हा धरायचं. हे काम संध्याकाळभराचं नव्हे, आठवड्याचं आहे. हात गार असताना माप घेऊ नका. तीस-चाळीस गोळ्या मारल्यावर तळवा किंचित फुगतो, आणि सकाळी चपखल वाटलेली मूठ स्पर्धेत चावायला लागते.

चापाच्या बोटाची बाजू लाकडाला अजिबात लागता कामा नये. तिथं दोनेक मिलिमीटर मोकळीक ठेवा. बोट लाकडाला घासत मागे आलं की चापाबरोबर सगळं पिस्तूलच ढकललं जातं.

आता नियम. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांप्रमाणे एअर पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे, वजन १५०० ग्रॅमच्या आत हवं. लांबीची चिंता सहसा कुणाला नसते. लोक अडकतात ते ५० मिलिमीटरच्या जाडीत, कारण पुट्टी चढते ती त्याच दिशेनं. तळव्याखालचा आधार मुठीशी ९० अंशांपेक्षा कमी कोन करू शकत नाही. मुठीनं हाताला वेढता कामा नये, अंगठा वर उचलायला मोकळा हवा, आणि मनगट मोकळं राहायला हवं. आधाराची फळी खालून हाताला आवळेल इतकी वर चढवायची हौस पुष्कळांना असते. नियम बाजूला ठेवला तरी ती चूकच, कारण आवळलेल्या हाताचं कापणं थेट नळीपर्यंत जातं. फळी फक्त टेकावी.

प्रश्न : लाकूड कोणतं घ्यावं? शिसम जड म्हणून स्थिर राहतं, असं सांगतात.

वजनाचा हिशेब करून बघा. तयार मुठीत समजा २०० घनसेंटिमीटर लाकूड उरलं. अक्रोडाचं झालं साधारण १३० ग्रॅम, शिसमाचं १७०. फरक चाळीस ग्रॅमचा, आणि तोही हाताच्या आत. पिस्तूल स्थिर वाटतं ते नळीच्या टोकाकडच्या वजनामुळे. तळव्यातलं वजन फक्त खांदा दमवतं.

अक्रोडाला मान मिळतो तो देखणेपणापेक्षा स्वभावामुळे. ते कानशीखाली फाटत नाही, बारीक नक्षी धरून ठेवतं आणि वाळल्यावर फार हलत नाही. रंगीत पातळ बर्च पत्रे चिकटवून केलेलं लॅमिनेट त्याहूनही स्थिर असतं. दिसायला मात्र ते काहीजणांना खेळण्यासारखं वाटतं. नेमबाजीपुरतं बोलायचं तर आमचं मत लॅमिनेटच्या बाजूनं. सागवान चालतं, पण त्यातल्या सिलिकामुळे हत्यारांची धार लवकर जाते आणि नैसर्गिक तेलामुळे गोंद नीट धरत नाही. चिकटवण्याआधी ते ॲसिटोननं पुसावं लागतं.

शिसम आणि कोकोबोलो ही दोन्ही डालबर्जिया वंशातली झाडं. हा सगळा वंश २ जानेवारी २०१७ पासून सायटीस कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) परिशिष्ट दोनमध्ये आहे, आणि ब्राझिलियन रोझवूड तर १९९२ पासून परिशिष्ट एकमध्ये. अशी मूठ सीमेपार पाठवायची असेल तर कागदपत्रं आधी विचारून घ्या. कोकोबोलोच्या भुशाची ॲलर्जी होते. एकदा अंगावर पुरळ उठलं की पुढे थोडा भुसाही पुरतो.

जातीपेक्षा दोन गोष्टी अधिक बघा. पहिली, ओलावा. लाकूड आठ ते दहा टक्क्यांपर्यंत उतरलेलं हवं. ओलावामापक नसेल तर ठोकळा रोज वजन करून ठेवा. दोन आठवडे काटा हलला नाही म्हणजे ठोकळा खोलीच्या हवेशी जुळला. ओल्या फळीला उघड्यावर वाळायला २५ मिलिमीटर जाडीमागे वर्ष लागतं, असा जुना ठोकताळा आहे. तोवर दोन्ही टोकांना मेण लावून ठेवा, नाहीतर टोकं आधी वाळतात आणि चिरतात. दुसरी, लाकडातल्या रेषांची दिशा. त्या मुठीच्या उंचीला धरून, वरून खाली गेल्या पाहिजेत. अंगठा-तर्जनीच्या बेचक्यावर येणारी पातळ चोच आडव्या रेषांची असेल तर पहिल्या धक्क्याला तुटते.

प्रश्न : १९११ पद्धतीच्या (जुन्या अमेरिकी लष्करी एम १९११ च्या धाटणीच्या) पिस्तुलासाठी मुठीच्या दोन बाजूंना बसणाऱ्या अक्रोडाच्या दोन पट्ट्या घरी केल्या. एक डुगडुगते आणि दुसरीला स्क्रूपाशी चीर गेली. काय चुकलं?

बहुधा दोन्हींचं मूळ एकच आहे : पट्टीची पाठ सपाट नाही. पाठ मध्ये फुगलेली असेल तर पट्टी डुलते. ती डुलू नये म्हणून स्क्रू आवळला जातो, आणि पोकळीवर ताणलेलं लाकूड रेषेत चिरतं.

जाड काचेवर १८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा आणि पाठ त्यावर एकाच दिशेनं घासा. पुढे-मागे घासलं की हात डोलतो आणि कडा गोल होतात. पाठीवर आधी पेन्सिलीच्या आडव्या रेघा मारा. सगळ्या एकदम पुसल्या गेल्या की पाठ सपाट झाली. मग फ्रेमच्या धातूला दिव्याची काजळी लावा, पट्टी दाबून उचला. काळे ठिपके सगळीकडे सारखे उमटेपर्यंत तेवढेच उंचवटे पटाशीनं खरवडा. डाव्या पट्टीला आतून प्लंजरच्या नळीसाठी (सेफ्टीच्या खटक्याला दाबणारी स्प्रिंग धरणाऱ्या बारीक नळीसाठी) खाच हवी. घरगुती पट्टी डुलते त्याचं एक मोठं कारण ही विसरलेली खाच असते.

छिद्रं बाहेरचा आकार देण्याच्या आधी पाडायची, ठोकळा चौकोनी असतानाच. गोलाई दिल्यावर ड्रिलखाली टेकवायला सपाट बाजू उरत नाही. पूर्ण मापाच्या फ्रेमवर दोन छिद्रांच्या मध्यांमधलं अंतर ७८ मिलिमीटर असतं, पण बुशिंग (स्क्रू ज्यात फिरतो ते फ्रेमवरचे धातूचे बारीक तुकडे) जुने असतील तर पुस्तकी मापावर जाऊ नका, कॅलिपरनं आपल्याच फ्रेमचं घ्या. मागून पाडा, खाली टाकाऊ लाकूड ठेवा, म्हणजे पलीकडे कपचा उडत नाही. बुशिंगसाठीचं मोठं छिद्र आधी, स्क्रूचं बारीक नंतर, कारण उलट केलं तर मोठ्या बिटाला मध्य सापडत नाही. छिद्र बुशिंगवर घट्ट बसवू नका, केसभर सैल असू द्या. हवा दमट झाली की लाकूड फुगतं, धातू फुगत नाही.

स्क्रूच्या डोक्याखालची बैठक सपाट ठेवा, उतरती नको. उतरत्या बैठकीत स्क्रू पाचरीसारखा घुसतो. बोटानं टेकेपर्यंत फिरवा, मग फेऱ्याचा आठवा भाग, बस्स. सैल होतो अशी भीती वाटली तर डोक्याखाली बारीक रबरी ओ-रिंग टाका.

प्रश्न : चेकरिंग (एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची हिरेदार नक्षी) करावं की नुसते टोचे मारून खरबरीत करावं?

घामेजणाऱ्या हाताला टोचेकाम चांगलं आणि चुकीला माफही करतं. पोगराचं (टोचे मारायच्या हत्याराचं) टोक थोडं बोथट ठेवा. टोकदार असेल तर ते लाकूड दाबत नाही, फाडतं.

चेकरिंगला सराव लागतो. अक्रोडावर इंचाला १८ ते २० रेषा पुरेत. २० म्हणजे दोन रेषांत सव्वा मिलिमीटरहून किंचित जास्त अंतर. घट्ट लाकडावर २२-२४ जमतात, मोकळ्या रंध्रांच्या लाकडावर तेवढ्या बारीक रेषा घातल्या की टोकं गळतात. नक्षीतल्या हिऱ्याची लांबी रुंदीच्या तीन ते साडेतीन पट ठेवावी. एकमेकींना छेदणाऱ्या पहिल्या दोन मूळ रेषा चुकल्या तर पुढची प्रत्येक रेष ती चूक थोडी वाढवत नेते, म्हणून अर्धा वेळ त्या दोनच रेषांवर घालवा. पहिल्या फेरीत कुठलीही रेष पूर्ण खोल करू नका. सगळ्या निम्म्या खोल, मग सगळ्या पूर्ण. मुठीला आधी तेल देऊन ठेवलं तर कटर कमी कपचा काढतो.

सुरुवातीच्या एम १९११ पिस्तुलांवर स्क्रूभोवती कोरा चौकट-हिरा सोडलेला दिसतो. तो शोभेचा आहेच, पण छिद्राच्या काठाशी नक्षीनं लाकूड कमजोर होत नाही, हा फायदाही घ्यावासा आहे.

प्रश्न : जवसाचं तेल लावून तीन आठवडे झाले, मूठ अजून चिकट आहे.

कच्चं तेल लावलंत, किंवा थर जाड झाला. टर्पेंटाइननं पुसून काढा आणि डबल बॉईल्ड तेलानं पुन्हा सुरुवात करा. आधी ३२० च्या पेपरनं घासा, ओल्या फडक्यानं पुसा, वाळल्यावर उठलेले तंतू परत ३२० नं काढा. असं दोनदा. मग तेलाचे चार-पाच थेंब बोटानं चोळा, पंधरा मिनिटांनी राहिलेलं सगळं पुसून टाका, चोवीस तास थांबा. पाच-सहा हात. पाठ आणि छिद्रांची आतली बाजू विसरू नका, ओलावा तिथूनच शिरतो.

तेलाची फडकी चुरगळून टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, आणि गोळा केलेली फडकी आपोआप पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

प्रश्न : जुन्या लुगर पिस्तुलाच्या लाकडी पट्ट्या मळलेल्या, कोपऱ्यात तुटलेल्या आहेत. घासून पॉलिश केल्या तर किंमत वाढेल का? आणि हातच्या नव्या मुठीची किंमत कशावरून ठरवावी?

घासू नका. लुगरच्या डाव्या पट्टीचा सेफ्टीच्या खटक्याजवळचा कोपरा तुटणं इतकं नेहमीचं आहे की संग्राहक ते गृहीतच धरतात. चेकरिंगची टोकं घासून गेली की ती परत येत नाहीत. पट्टी उघडून आतली बाजू बघा. अनेक लुगरच्या पट्ट्यांवर आत पिस्तुलाच्या क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले सापडतात. जुन्या स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हरांच्या उजव्या पट्टीच्या आतही क्रमांक असे. तो आकडा फ्रेमशी जुळला तर ती मळकी पट्टीच मौल्यवान. मऊ ब्रशनं धूळ झाडा आणि वापरायला दुसरी जोडी करून घ्या. माउझर सी ९६ पिस्तुलाच्या मुठीवरचा लाल ९ हाही असाच. पहिल्या महायुद्धात ९ मिलिमीटरची पिस्तुलं ७.६३ मिलिमीटरच्या पिस्तुलांपासून वेगळी ओळखू यावीत म्हणून तो कोरलेला होता. रंग उजळ करायला जाल तर जुनेपणाचा पुरावाच पुसाल.

नव्या हातच्या मुठीचंही तसंच. दुकानात नजर जाते लाकडाच्या चित्राकडे, लाटांकडे, चमकेकडे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथं उघडूनच भाव करावा. आतली बाजू फ्रेमला सगळीकडे टेकते का, फट पुट्टीनं बुजवली आहे का, स्क्रूची बैठक सपाट आहे का, आतून तेल दिलंय का, दोन्ही पट्ट्यांच्या रेषा एकाच ठोकळ्यातल्या आहेत का. मशीनवर कोरलेली मूठही या कसोट्यांना उतरते, आणि मग ती हातची नाही म्हणून कमी ठरत नाही. हाताच्या कामाचे जादा पैसे द्यायचे ते आपल्या तळव्याचं माप घेऊन, दोन-तीनदा बोलावून बसवून दिली असेल तर. मात्र अशी मूठ विकायला काढली तर फारसं हाती लागत नाही, कारण ती दुसऱ्या कुणाच्या हाताला बसत नाही. हस्तिदंती पट्ट्यांच्या वाटेला जाऊ नका. हस्तिदंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळजवळ सगळीकडे बंद आहे.

प्रश्न : एवढ्याशा कामाला मास्क हवाच का?

हवा. लाकडाचा भुसा नाकाच्या कर्करोगाला कारण ठरतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं मान्य केलं आहे. सर्वांत बारीक भुसा निघतो तो शेवटच्या पेपरला, नेमका लोक मास्क काढून चमक न्याहाळतात तेव्हा.